पेर्नेलचा पहिला पाव

बसलात सगळे? ज्याला पाणी प्यायचंय त्याने आत्ताच पिऊन घ्या. गोष्ट लांबच्या देशातली आहे, आणि मध्ये कोणी उठलं की मला परत तिथवर चालत जावं लागतं.

फार फार मागे, आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही दात यायचे होते तेव्हा, फ्रान्स देशाच्या मधल्या डोंगरांत मोंब्रुएल नावाचं एक गाव होतं. होतं म्हणजे अजून आहे. मोटारीने गेलात तर गाव आलं म्हणेपर्यंत मागे पडतं. पण त्या एवढ्याशा गावातल्या जुन्या दगडी इमारती पाहाव्यात! किंचित कलत्या मनोऱ्याचं चर्च, वर छप्पर घातलेलं कपडे धुवायचं कुंड, कबुतरांसाठी बांधलेला गोल बुरूज. आणि या सगळ्यांच्या मध्ये, सगळ्यांहून बुटकी, गावाची पावभट्टी. चर्च कोणी बांधलं असं विचारलंत तर तिथली माणसं डोकं खाजवतात. भट्टीबद्दल विचारलंत तर मात्र तुमचा हात धरून ओट्यावर बसवतात आणि पेर्नेलची गोष्ट सांगतात.

त्या काळी घरोघरी भट्टी नसे. सरदाराचा हुकूमच होता, पाव भाजायचा तो गावभट्टीत. आणि पाव म्हणजे आपला वडापावातला पाव डोळ्यांसमोर आणू नका. चांगला परातीएवढा, जाड सालीचा पाव, एक भाजला की घराला कितीतरी दिवस पुरायचा. पंधरवड्यातून एकदा भट्टी पेटायची आणि सगळी घरं पाळीपाळीने आपले पाव भाजून न्यायची.

आता खरी गंमत इथे आहे. पहिली पाळी कोणालाच नको असायची. भट्टी थंडगार पडलेली. तिचं पोट तापवायला पहिल्याचं गाडीभर लाकूड जायचं, आणि एवढं करून पाव कसा निघायचा? खाली कोळसा आणि वर कच्चा. दुसऱ्याला निम्मं लाकूड पुरायचं. तिसऱ्याला चार काटक्या टाकल्या की झालं, आणि पाव असा टम्म फुगलेला, सोनेरी. म्हणून पाळ्या चिठ्ठ्यांनी ठरत. चिठ्ठ्या म्हणजे घेवड्याच्या बिया. एका टोपीत सगळ्या पांढऱ्या आणि एकच काळी. काळी ज्याच्या हाती येईल तो पहिला. तो बिचारा कपाळावर हात मारून घ्यायचा आणि बाकीचे गालातल्या गालात हसायचे.

भट्टी सांभाळायची पेर्नेल. मोठ्या हाडापेराची बाई, आगीपुढे उभं राहून राहून चेहरा लाल झालेला, आणि आवाज असा की तिने खाली हाक मारली तर डोंगरावरच्या वाडीतली शेळी मान वर करायची. गावातले सगळे तिला पेर्नेलआई म्हणत. मला ही बाई फार आवडते, आधीच सांगून ठेवते. तिला मजुरी म्हणून दर घराकडून कणकेचा एक गोळा मिळायचा. भट्टीच्या पाठीला लागून तिची खोली होती, आणि भट्टीची ऊब भिंतीतून आत यायची. म्हणून तिने कधी स्वतःचं लाकूड साठवलं नाही. टोपीत तिच्यासाठी बी नसायची. ती भट्टी राखणारी, तिला कसली पाळी?

तर एका हिवाळ्यात काय झालं, पिठाची चक्की चालवणाऱ्या गोतियेच्या हाती काळी बी आली. त्याने मुकाट्याने लाकूड जाळलं. पुढच्या खेपेला पुन्हा त्याच्याच हाती काळी. त्याने दात खाल्ले, पण जाळलं. त्याच्या पुढच्या खेपेला त्याने टोपीत हात घातला, मूठ उघडली, आणि परत काळी! सगळे हसले. हसायला नको होतं, पण हसले.

गोतियेचं डोकं फिरलं. त्याने टोपी हिसकावली आणि सगळ्या बिया बाहेर बर्फात भिरकावून दिल्या. "टोपीतच काहीतरी गडबड आहे," तो ओरडला. "पहिला होऊ दे दुसरा कोणी. मग मी येतो दुसरा!"

आणि तो घरी जाऊन बसला. बिया कोंबड्यांनी खाल्ल्या.

आता पहिलं कोण? लोक म्हणाले, काळी गोतियेला आली, पाळी त्याची, आम्ही का म्हणून? वरच्या वाडीतली बेर्त, जिच्या घरी माणसं जास्त आणि जीभ त्याहून जास्त, ती म्हणाली, "माझं लाकूड रचलेलं आहे, कणीक मळायचाच अवकाश. कोणी पेटवली की मी आलेच." आणि गंमत म्हणजे प्रत्येक घरात हेच बोलणं चाललेलं. सगळे तयार, सगळे दुसरे.

हसू नका. आपल्याकडे पंगत बसते, भात वाढून होतो, वरण वाढून होतं, आणि पहिला घास कोण घेतो म्हणून सगळे एकमेकांच्या पानांकडे बघत बसतात, ते काय वेगळं आहे? आपला नुसता भात गार होतो. मोंब्रुएलची भट्टी गार होत होती. आणि जितकी ती गार, तितकं पहिल्याचं लाकूड जास्त जाणार. म्हणजे कालच्यापेक्षा आज पहिलं होणं महाग, आणि आजच्यापेक्षा उद्या. घरातले पाव संपले. लोक पीठ पाण्यात शिजवून पेज पिऊ लागले, पण अडून बसले ते बसलेच.

एके दिवशी पेर्नेल आपल्या खोलीत बसलेली असताना भिंतीतून आवाज आला. कट्.

तिने कान लावला. पुन्हा, कट्. ती काय समजायचं ते समजली. वितळलेल्या बर्फाचं पाणी भट्टीच्या घुमटात मुरलं होतं, आणि आता ते दगडांच्या सांध्यांत गोठत होतं. बर्फ फुगला की दगड फुटतो. आज विस्तव लागला नाही, तर घुमट खाली येणार. घुमट गेला की भट्टी गेली. गवंडी डोंगर चढून येणार तो बर्फ वितळल्यावर, तोवर सगळ्या गावाने पेज प्यायची. आणि पेर्नेलने? तिचं काम, तिची ऊब, तिचं घर, सगळं त्या घुमटावर उभं होतं.

ती घरोघर गेली. "अरे, भट्टी फुटतेय! कोणीतरी पेटवा!"

गोतिये दारातूनच म्हणाला, "पेर्नेलआई, तुझ्याशी माझं भांडण नाही. पण माझ्याच कपाळी का? दुसऱ्याला सांग."

बेर्त म्हणाली, "अगं बाई, फुटतेय? मग सांग ना त्या गोतियेला! त्याची पाळी आहे."

"पाळी गेली खड्ड्यात," पेर्नेल म्हणाली. "भट्टी कोणाची आहे?"

लाकूड मात्र कोणीच दिलं नाही. दारं लागली. ती परत आली आणि भट्टीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. असं म्हणतात की ती तिथे अर्धी सकाळ उभी होती आणि भट्टीला शिव्या देत होती. मग शिव्या संपल्या, आणि तिने आपल्या खोलीतला बाक उचलला.

बाक गेला भट्टीत. मग खाट गेली. मग तिने कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकून ठोकून खोलीचं दार बिजागऱ्यांवरून काढलं, आणि तेही गेलं. आग झाली खरी, पण घुमट काही तापेना. भट्टी पेटवली की आधी घुमट काजळीने काळा होतो, आणि पुरेशी तापली की काजळी जळून तो पांढरा पडतो. पेर्नेलचा घुमट काळाच होता. जाळायला खोलीत काही उरलं नव्हतं. तिने खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

तिकडे गरीब माणसं लाकडाचे जोडे घालत. पेर्नेलचे जोडे अक्रोडाचे होते, आणि वर्षानुवर्षं भट्टीसमोर उभे राहून राहून असे वाळलेले की वाजवले तर घंटेसारखे वाजत. तिने एक काढला. मग दुसरा काढला. दोन्ही भट्टीत टाकले.

असं म्हणतात की ते जोडे लाकडासारखे जळलेच नाहीत. त्यांतून निळी ज्योत निघाली, सगळ्या खोलीत अक्रोडाचा वास सुटला, आणि बघता बघता घुमट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढराशुभ्र पडला. दगडांतलं कट् कट् थांबलं. तडा गेला होता तिथे आजही केसाएवढी रेघ आहे, पण तिच्यापुढे तो सरकला नाही.

भट्टी तापली, तर रिकामी का ठेवायची? तिने आपल्या मातीच्या परातीच्या कडांना चिकटलेली कणीक खरवडली, आधीच्या खेपेचा, आंबवण म्हणून राखलेला आंबट गोळा त्यात मळला आणि एक पाव थापून लांब दांड्याच्या फावड्याने आत सरकवला.

तोवर धुराड्यातून धूर वर गेला होता, आणि तो सगळ्या गावाने पाहिला. कोणीतरी पहिलं झालं! मग काय विचारता! जो तो कणकेची टोपली डोक्यावर घेऊन धावत सुटला. "मी दुसरा!" "मी दुसरी!" गोतिये सगळ्यात पुढे, त्याच्यामागे बेर्त, तिच्यामागे सगळी वाडी. सगळे भट्टीशी पोचले आणि थबकले.

"दार कुठे गेलं?" गोतियेने विचारलं.

"आत आहे," पेर्नेल म्हणाली आणि भट्टीकडे बोट दाखवलं.

"आणि खाट?"

"तीही."

मग बेर्तने तिच्या पायांकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. पेर्नेल अनवाणी उभी होती, उंबऱ्याबाहेरच्या बर्फात. असं म्हणतात की तिच्या पावलांभोवती बर्फ वितळून हिरवं गवत वर आलं होतं. काहीजण म्हणतात, गवतात फुलंही होती. मला फुलांचं खरं वाटत नाही, पण गवताचं वाटतं.

सगळ्यांना आपापल्या पायांतले जोडे एकाएकी जड वाटू लागले. पेर्नेलने आपला पाव बाहेर काढला. खाली कोळसा, वर कच्चा. तिने तो मोडला, एक तुकडा तोंडात टाकला आणि तोंड असं वाकडं केलं की शेजारचं पोर घाबरलं.

"वाईट आहे," ती म्हणाली आणि खो खो हसायला लागली. "दुसरं व्हायचंय ना सगळ्यांना? मग आधी पहिला खा. खाल्ल्याशिवाय एकाचीही टोपली आत जाणार नाही."

प्रत्येकाने तुकडा घेतला. जळका, आंबट, चिकट. गोतियेने चावला, गिळला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे तो जन्मभर सांगत राहिला की ते धुराने आलं होतं. त्याने खाली वाकून आपले जोडे काढले आणि भट्टीत भिरकावले. मग बेर्तने काढले. मग एकेकाने. तिकडच्या त्या थंडीत सगळं गाव अनवाणी, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतंय आणि हसतंय, असा देखावा मोंब्रुएलने आधी कधी पाहिला नव्हता.

त्या दिवशी कोणी दुसरं झालं नाही आणि कोणी शेवटचं झालं नाही. एरवी त्या भट्टीत दोन-तीन घरांचे पाव कसेबसे मावत. त्या दिवशी पेर्नेल फावड्याने आत सरकवत गेली आणि भट्टी घेत गेली. सगळ्या गावाचे पाव एकदम भाजले गेले, आणि झुडपांत पाखरं परत येईपर्यंत ती भट्टी थंड झाली नाही, असं म्हणतात.

गावाने तिला नवं दार करून दिलं, नवी खाट दिली. आणि जोडे? प्रत्येक घराने गुपचूप एकेक जोड कोरून आणला, दुसऱ्याला न सांगता. त्यामुळे पेर्नेलकडे इतके जोडे झाले की ती दर रविवारी वेगळे घालून चर्चला जायची, आणि एकदा तर दोन पायांत दोन वेगवेगळे. ती खूप म्हातारी झाली आणि भट्टीच्या उबदार भिंतीला पाठ टेकून, बोलता बोलता गेली. चर्चच्या मागे तिची कबर आहे. गाव पांढरं होतं तेव्हाही तिच्यावर बर्फ टिकत नाही, असं म्हणतात. गावातली मांजरं हिवाळ्यात तिथेच झोपतात, आणि मांजरांना उबेतलं कळतं.

आता मोंब्रुएलमध्ये बाहेरून गाडी येते आणि लोक पाव विकत घेतात. पण वर्षातून एकदा, ऐन थंडीत, पेर्नेलच्या नावाने भट्टी पेटते. त्या दिवशी पहिली पाळी मागायला माणसं भांडतात. पहिला पाव बिघडायलाच लागतो. एका साली शहरातला कोणी नामी पाववाला आला आणि त्याने पहिलाच पाव सुरेख भाजून काढला, तर गावाची तोंडं उतरली. तो पाव बाजूला ठेवून पुन्हा दुसरा बिघडवला म्हणे. बिघडलेल्या पावाचा तुकडा प्रत्येकाने खायचा, तोंड वाकडं करायचं, आणि मगच बाकीच्यांचे पाव आत जायचे. मात्र एखाद्या वर्षी गावात कोणी नवं राहायला आलेलं असेल, तर भांडण नाही, बिया नाहीत. पहिली पाळी त्याची.

गेल्या साली ती पाळी माझ्या भाचीची होती. आमची ऋता, सांगलीची. ती आणि तिचा नवरा लुक मोंब्रुएलच्या कुंडाजवळच्या एका जुन्या घरात राहायला गेलेत. स्वयंपाकात तिचा हात धरणारं कोणी नाही, आणि ते तिला ठाऊकही आहे. तिने ठरवलंच होतं की आपण सगळ्यांना चकित करायचं. आदल्या दिवसापासून कणीक मुरवली, नीट निगुतीने थापली. भट्टीतून निघाला तो खाली कोळसा आणि वर कच्चा. परक्या गावात, सगळ्यांसमोर! तिला रडू फुटलं. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी पुढे आली. तिने एक तुकडा मोडला, चावला, तोंड वाकडं केलं, आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला. तिच्यामागे सगळं गाव रांगेत उभं होतं.

संध्याकाळी ऋताचा मला फोन आला. म्हणाली, "मावशी, एवढा वाईट पाव मी जन्मात केला नव्हता. आणि मला स्वतःला जेमतेम एक तुकडा मिळाला."