तिसरं घोंगडं

उंबरखोऱ्याच्या जत्रेला आलात आणि कुस्त्या बघायला बसलात, तर शेवटची मोठी कुस्ती झाल्या झाल्या उठू नका, पाहुणं. नवखी माणसं इथंच फसतात. हलगी बंद झाली की त्यांना वाटतं, संपलं सगळं, चला आता भेंडबत्ताशे घेऊ आणि गाडी गाठू. खरं बघण्यासारखं तिथून पुढं असतं. दुसऱ्या गावात जिंकलेल्या पैलवानाला खांद्यावर घेतात, गुलाल उधळतात, फेटा बांधतात. आमच्याकडं यातलं काही होत नाही. जिंकलेला अंगावरची माती न पुसता सदरा चढवतो आणि हरलेल्याच्या मागोमाग, मुकाट्यानं, त्याच्या घरी जेवायला जातो. जेवून परत आला की मग फेटा. तोवर हलगी वाजायची नाही.

घर लांब असलं तर? लांब असलं तर लांब जायचं. एकदा एक पंजाबचा मल्ल इथं चीतपट झाला, तर आमचा गडी त्याच्याबरोबर रेल्वेत बसून गेला आणि तिकडची मोहरीची भाजी खाऊन आला. तिकिटाला गावानं वर्गणी काढली. फेटा इकडं भैरोबाच्या देवळात वाट बघत पडला होता. हसा, हसा. पण जेवायच्या जागी तिथं एक जास्तीचं घोंगडं घडी करून टाकतात आणि त्यावर कुणीच बसत नाही, हे एकदा डोळ्यांनी बघा. मग हसू येत नाही.

हे हंबीररावापासून सुरू झालं, असं सांगतात.

हंबीर जगदाळे म्हणजे पाटलांचा धाकटा. थोरल्या पाटलांनी, म्हणजे त्याच्या बापानं, त्याला कोल्हापूरला शाळेत घातला, पण पोराचा जीव इथल्या तालमीत. सुट्टी लागली रे लागली की वाघजाईच्या माळावरून म्हसू हाके खाली यायचा आणि दोघं लाल मातीत लोळायचे. म्हसू धनगराचा. मेंढरं राखून राखून त्याचे पाय असे झालेले, की एकदा रोवले तर हलायचे नाहीत. हंबीर चपळ, पण दहातल्या आठ कुस्त्या म्हसूच मारायचा. कुस्ती झाली की एकाच तांब्यातलं दूध. म्हसू त्याला ‘हंब्या’ म्हणायचा, हंबीर त्याला ‘म्हश्या’. पाटलाचा पोरगा म्हणून कुणी कुणाला सोडलं, असं कधी झालं नाही.

मग ती मोठी लढाई आली. ब्रह्मदेशाच्या अंगानं जपानी चाल करून आले आणि हंबीर विमानदळात गेला. विमान म्हणजे एका माणसाचं. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही, बोलायचं झालं तर यंत्रात तोंड घालून बोलायचं. त्या लोकांत म्हणे असा रिवाज, की ज्यानं शत्रूची पाच विमानं पाडली तो सगळ्यांत वरचा. आपल्याकडं हिंदकेसरी म्हणतात ना, तसाच मान. हंबीरनं पाच पाडली. त्याचा फोटो छापून आला, तो थोरल्या पाटलांनी काच लावून देवांच्या शेजारी टांगला.

हंबीरला मात्र आत काहीतरी टोचत होतं. कुस्तीत आधी नावं पुकारतात. हा अमक्याचा, गाव अमकं, वस्ताद अमका. मग दोघं हात मिळवतात, एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, आणि मग लागतात. तिथं वर यातलं काहीच नव्हतं. ढगातून एक ठिपका निघायचा, त्याच्यामागं लागायचं, आणि तो पेटला की जिंकलं. खाली उतरल्यावर सोबती पाठ थोपटायचे. हंबीर विचारायचा, कोण होता तो? ते हसायचे. जपानी होता, दुसरा कोण असणार!

पाचव्या वेळचं तर त्यानं कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही. समोरच्या विमानाला गोळ्या लागल्या, धूर निघाला, पण ते लगेच पडलं नाही. थोडा वेळ दोघं शेजारी शेजारी उडत राहिले, बांधाच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक चालावा इतक्या जवळून. हंबीरला त्याचं तोंड दिसलं. कोवळं होतं. त्या माणसानं हंबीरकडं बघितलं आणि एक हात वर केला. मग विमान कलंडलं आणि खालच्या रानात गेलं. तो हात मिळवायला वर झाला होता, की थांब म्हणायला, की नुसताच, हे सांगणारं कोणी राहिलं नाही.

लढाई संपली आणि हंबीर गावी आला. काय ते स्वागत! वेशीपासून तोरणं, बैलगाडीतून मिरवणूक, ओवाळायला बायकांची रांग. पण त्या गर्दीत माणूस किती एकटा पडला होता म्हणून सांगू! ज्याला त्याला त्याच्या पायाला हात लावायचा होता. शेजारी कुणी बसायचं नाही. पारावर तो येऊन टेकला की बोलणं थांबायचं, माणसं उठून उभी राहायची. थट्टा नाही, शिवी नाही, ‘आरं हंब्या’ म्हणून हाक नाही. घरात आईसुद्धा त्याला आधी वाढून बाजूला उभी राहायची. आभाळातलं एका माणसाचं विमान खाली उतरलं, पण हंबीर काही त्यातून उतरला नाही, असं जुनी माणसं म्हणायची. एखादं विमान गावावरून गेलं की तो हातातला घास खाली ठेवायचा, एवढंच लोकांना दिसायचं.

जत्रा आली. थोरल्या पाटलांनी जाहीर केलं, शेवटची कुस्ती हंबीरराव आणि म्हसू हाके. हंबीरला ते कळलं तेव्हा म्हणे तो पहिल्यांदा हसला. म्हश्या येणार. म्हश्या धरणार. तालमीत जाऊन त्यानं चार दिवस जोर काढले, लंगोट स्वतः धुऊन वाळत घातला. त्याला जिंकायचं नव्हतं. एका माणसानं आपल्याला दोन्ही हातांनी घट्ट धरावं आणि आपल्याला सुटता येऊ नये, एवढीच त्याची इच्छा होती.

मैदान भरलं. नावं पुकारली. दोघांनी हात मिळवला, आणि तिथंच हंबीर चरकला. म्हसूचा हात ओला होता आणि नजर खाली. थोडी झटापट झाली, हंबीरनं पट काढायला त्याच्या पायांना हात घातला, आणि ते रोवलेले पाय अलगद उचलले गेले. म्हसू आपणहून पाठीवर पडला. बघणाऱ्यांना कळलं नसेल, पण ज्याच्या हातात ते पाय होते त्याला कसं कळणार नाही? कुस्ती नुरा होती, निकाल आधीच ठरवलेली. थोरल्या पाटलांनी म्हसूला बोलावून बजावलं होतं, ‘गावाची अब्रू हाय. इमानं पाडणारा गडी जत्रंत पडला तर लोक थुंकतील आपल्यावर.’

हलगी कडाडली. गुलाल उडाला. फेटा घेऊन थोरले पाटील पुढं आले. आणि हंबीर त्या सगळ्या गोंधळात उभा राहून म्हसूला शोधत होता. म्हसू घोंगडं खांद्यावर टाकून माळाच्या वाटेला लागला होता.

हंबीरनं बापाच्या हातातला फेटा खाली केला. हलगीवाल्याला म्हणाला, “बंद कर.” आणि तसाच मातीच्या अंगानं म्हसूच्या मागं चालू लागला. दोनचार माणसं बरोबर निघाली, त्यांना त्यानं हातानंच थांबवलं.

माळावर म्हसूचं पाल होतं. शेजारी वाघुरात, जाळीच्या कुंपणात, मेंढरं, चुलीवर ठकूबाईचं कोरड्यास. ठकूबाई म्हणजे म्हसूची बायको. पाटलाचा मुलगा दारात बघून ती गडबडून उठली, म्हसू हात जोडून उभा राहिला.

“मालक, तुमी कशाला आलासा? सांगावा धाडायचा व्हता.”

“मालक न्हाई. तू मला सोडलंस, म्हश्या.”

म्हसू खाली बघत राहिला. “थोरल्या पाटलांचा हुकूम व्हता, मालक. आन् तुमी एवढं मोठं झालासा…”

“मला जेवायला घाल,” हंबीर म्हणाला. “जिंकलोय ना मी? मग तुझ्या घरी जेवतो. पाच घरी जेवायचा ऱ्हायलोय. त्यांची घरंच ठावं न्हाईत मला.”

आणि मग, जे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं त्यानं त्या चुलीपुढं बसून सांगितलं. ते कोवळं तोंड. तो वर झालेला हात. खालचं रान. “नाव पुकारलं न्हाई रं कुणी,” तो म्हणाला. “त्याची आई कुठल्या गावात वाट बघत बसली आसंल, ते मला म्हाईत न्हाई. जाऊन तिच्या हातची भाकर तरी खाल्ली असती. शिव्या घातल्या असत्या तिनं. घालू दे की. कुणीतरी घातल्या असत्या.”

ठकूबाई पुढं झाली. तिनं दोघांना बसायला दोन घोंगडी टाकली, मग आत जाऊन तिसरं आणलं, त्याची घडी नीट केली आणि त्या दोघांच्या समोर टाकली. तिसरी भाकरी वाढून तिथं ठेवली.

“वैनी, ह्ये कुणाला?” हंबीरनं विचारलं.

“त्यास्नी,” ती म्हणाली. “घर लांब हाय. येत्याल, तवर तुमी जेवा.”

हंबीर जेवला म्हणे. गावात आल्यापासून पोटभर जेवला तो त्या दिवशी. जेवताना रडत होता, आणि भाकरी मोडत होता, आणि ठकूबाई वाढत होती. कुणी त्याला गप्प केलं नाही.

तो रात्री तिथंच राहिला. सकाळी मेंढरं सोडायच्या आधी त्यानं लंगोट कसला आणि दहिवरानं भिजलेल्या गवतात उभा राहून तो म्हणाला, “चल. आता खरी.”

म्हसू मागं सरला. “नगं, मालक.”

“म्हश्या, मला एकानं तरी धर रं. न्हाईतर मी असाच वर ऱ्हाईन.”

एवढं ऐकल्यावर म्हसूनं घोंगडं टाकलं. दोघांनी आपापली नावं स्वतःच पुकारली, बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. हात मिळवला. एकमेकांच्या अंगावर माती टाकली. आणि मग म्हसूनं धरलं ते असं धरलं, की हंबीरला श्वास घेता येईना. त्यानं सगळी चपळाई लावून बघितली, पण ते पाय जागचे हलले नाहीत. म्हसूनं त्याला उचलला आणि पाठीवर असा टाकला, की बाजूची मेंढरं उधळली.

हंबीर आभाळाकडं तोंड करून पडला होता. वर काही नव्हतं, नुसतं निळं आभाळ. म्हसूचा हात खाली आला आणि त्याच्या हाताला लागला.

“हंब्या, लागलं का रं?” म्हसूनं विचारलं. “ऊठ.”

आता जिंकला म्हसू. मग हंबीर त्याला घेऊन गावात आला, बापाच्या डोळ्यांदेखत घरात नेला आणि आपल्या शेजारी बसवला. थोरले पाटील तापले. धनगराच्या हातनं पडलो, हे पोरगं सांगत काय सुटलंय! पण हंबीरची आई पुढं झाली. तिनं दोन ताटं केली. हंबीरनं तिला तिसरं ताट करायला सांगितलं आणि येताना बरोबर आणलेलं ठकूबाईचं घोंगडं घडी करून समोर टाकलं.

“कोण यायचं हाय?” आईनं विचारलं.

“नाव ठावं न्हाई, आई. म्या इचारलंच न्हाई.”

त्या बाईनं लेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग ती बाजूला उभी राहिली नाही, त्याच्या जवळ खाली बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोरले पाटील उठून बाहेर गेले. पुढच्या जत्रेला मात्र त्यांनीच हलगी थांबवली, असं सांगतात.

हंबीररावानं लग्न केलं नाही. विमानाला पुन्हा हात लावला नाही. माळाच्या कडेला एक खोली बांधून राहिला, तालमीत पोरांना शिकवायचा, आणि दर जत्रेला हरलेल्याच्या घरी जाऊन दारात बसायचा. जेवायला बसवलं तर बसायचा, नाही बसवलं तर उठून यायचा. एकटाच होता शेवटपर्यंत, खोटं कशाला सांगू? म्हसू होता, तरी कुणी असणं आणि एकटं नसणं, यात फरक असतो. गेला तेव्हा त्याच्या खोलीत पाच घोंगडी घडी करून ठेवलेली सापडली. नीट, एकावर एक. कधीच न वापरलेली.

आजही आमच्याकडं नुरा कुस्ती लावायची कुणाची छाती होत नाही. आजही जिंकलेला हरलेल्याच्या दारात उभा राहतो. आता घरोघरी फरशा आल्या, काहींकडं टेबलखुर्च्या आल्या, तर खुर्चीवर घोंगडं टाकतात, पण टाकतात. आधी हरलेला आपलं नाव सांगतो, बापाचं नाव, गाव. मग जिंकलेला सांगतो. मग दोघं त्या घोंगड्याकडं बघत थांबतात. घोंगड्यावरून कुठलं नाव येत नाही, गाव येत नाही. थोड्या वेळानं घरातली बाई पुढं होते, म्हणते, “घर लांब हाय. येत्याल, तवर तुमी जेवा.”

आणि ती तिसरं ताट वाढते.