तुपाने गुदमरलेला वड

फार पूर्वी वेणुमती नगरीवर सुबाहू राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व वेशीबाहेरच्या एका वडात वृक्षदेव होऊन राहत होता. लोकांचा त्याच्यावर भारी जीव. लग्न ठरले की वडाच्या मुळाशी दूध, मूल झाले की तूप, ताप उतरला की पुन्हा तूप.

यात खेमिका म्हातारी सगळ्यांच्या वरताण होती. घरात ती, एक गाय आणि एक पांढरे वासरू. स्वतः कोरडा भात खाई, पण लोणकढे तूप रोज मुळाशी ओती आणि दिवसभराची गाऱ्हाणी देवाला सांगत बसे. बोधिसत्त्वाला तिचे बोलणे फार आवडे.

पण झाड ते झाड. दुधातुपाने मुळे कुजली आणि पाने गळू लागली. देव रुसला असे समजून लोकांनी तूप वाढवले, तशी पाने अधिकच गळाली. शेवटी पुरोहिताने सांगितले, "देवाला रक्त हवंय. निखळ पांढरं वासरू द्या, नाहीतर गावावर कोप होईल."

असे वासरू खेमिकेचेच होते. ती त्याला घेऊन आली आणि डोळे पुसत म्हणाली, "देवा, तुझंच आहे. फक्त याला फार दुखू देऊ नकोस."

बोधिसत्त्वाने विचार केला, 'गप्प राहिलो तर माझा धाक वाढेल, उद्या दागिनेही येतील. बोललो तर कुजक्या मुळांच्या देवाला कोण विचारणार?' इतक्यात वासराने म्हातारीचा हात चाटला. मग त्याला राहवेना. म्हाताऱ्या माळ्याचे रूप घेऊन, खांद्यावर कुदळ टाकून तो गर्दीत शिरला.

"थांबा," तो म्हणाला, "देव रागावला नाही. त्याला अजीर्ण झालंय."

"जीभ झडेल तुझी," पुरोहित ओरडला.

"झडू दे. आधी वास तर घ्या." माळ्याने मुळाशी चार घाव घातले. काळी, बुळबुळीत मुळे उघडी पडली. खवट वासाने लोकांनी नाके दाबली. खेमिकेने मात्र वाकून मूठभर माती हुंगली.

"अगं बाई, हे तर माझंच तूप," ती म्हणाली आणि वडाकडे वळली. "मीच मारत होते रे तुला."

"तू मायेनं घालत होतीस, माय, म्हणून तर तो बोलला नाही. चूक त्याचीही आहे." माळ्याने वासराचे दावे तिच्या हाती दिले. "देवाला नुसतं पाणी दे. दूध याला पाज."

पुरोहिताने मान खाली घातली. लोकांनी कुजकी माती काढून नवी भरली. वसंतात वडाला तांबूस पालवी फुटली आणि तेव्हापासून त्याची पूजा तांब्याभर पाण्याने होऊ लागली.

खेमिका मात्र पाणी घालून झाले की इकडेतिकडे बघे आणि एका पानावर बोटभर तूप ठेवी. "त्या माळीबुवाला सांगू नकोस हं, देवा."

बोधिसत्त्वाने ते कधीच कोणाला सांगितले नाही.

ही कथा सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पुरोहित म्हणजे आज मुंगीलाही जपत पाऊल टाकणारा आपला सुयाम भिक्षू. 'पुरे' म्हटले तरी तुमच्या पात्रात पळीभर जास्त तूप वाढणारी वृद्ध उपासिका, तीच खेमिका. वृक्षदेव मी होतो. ज्याच्या प्रेमाने आपल्याला त्रास होतो, त्याचे मन न दुखवता त्याला खरे सांगणे, ही मैत्री होय."