हनुवटीपर्यंत दगड झालेला राजा

एका राज्यात बोलण्याला इतका मान होता की मुद्द्याला कोणी विचारतच नसे. रिवाजच तसा होता. दरबारात कोणीही बोलायला उभे राहिले की आधी मंचावरच्या प्रत्येक मान्यवराची बिरुदावली म्हणायची. म्हणजे त्याच्या पदव्या, त्याच्या वाडवडिलांचे पराक्रम, त्याच्या हत्तीचे नाव आणि हत्तीचेही पराक्रम. मग ज्याची स्तुती झाली त्याने उठून स्तुती करणाऱ्याची स्तुती करायची. मुद्दा येईतो ऊन उतरत असे. प्रजेची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. लोक सभेला येताना हातातले काम घेऊनच येत. पहिल्या रांगेतली चंपा माळीण एका भाषणात देवळाचे सगळे हार ओवून संपवी, आणि मागच्या रांगांत छान झोप लागे.

राजा भद्रसेन मनाचा फार चांगला होता, पण आपल्या भाषणांवर त्याचा भारी जीव. एके दिवशी टेकडीपलीकडच्या रानात राहणारा जादूगार धूम्रजट धावत दरबारात आला. त्याची दाढी होरपळली होती. रानाला वणवा लागला आहे, पाणी घेऊन माणसे धाडा, असे त्याने सांगितले. त्याची विद्या झाडांशी बोलण्याची आणि शाप देण्याची होती. आग विझवणे त्यात येत नव्हते.

राजाला कळवळा आला. हुकूम देण्यासाठी तो तत्काळ उभा राहिला आणि रिवाजाप्रमाणे त्याने बिरुदावलीपासून सुरुवात केली. सेनापती झाले, प्रधान झाले, पट्टहत्ती झाला. "म्हणून माझी अशी आज्ञा आहे की," इथवर राजा पोहोचला तेव्हा टेकडीमागचा धूरही विरून गेला होता. जळायला काही उरलेच नव्हते.

धूम्रजट शांतपणे म्हणाला, "राजा, तुझे शब्द दगडासारखे जड आहेत. आता ते तूच वाहा. या मंचावरून तुझ्या घराण्याचा जो शब्द वायफळ जाईल, तो तुझ्या अंगावर दगड होऊन चढेल. तुझ्या रक्ताचे कोणी इथे बोलेल आणि ते ऐकून अख्खी सभा कामाला उठेल, तेव्हाच तू सुटशील."

एवढे बोलून तो निघून गेला. राजाने काय करावे? शाप देण्यासाठी धूम्रजटाने एवढे कष्ट घेतले म्हणून त्याच्या आभाराचे भाषण केले. सवय, दुसरे काय. कमरेपर्यंत दगड झाला. मग आपण यापुढे का बोलणार नाही, हे त्याने प्रजेला सविस्तर समजावून सांगितले, आणि दगड छातीवर आला. तेव्हा कुठे त्याने तोंड मिटले.

राजाला एकच लेक होती, कुवलया. तिने सभेत कधी अक्षरही काढले नव्हते. वडिलांसाठी ती मंचावर चढली. तिचे गुडघे लटपटत होते, आणि घाबरलेले माणूस जे करते तेच तिने केले: पाठ होते ते घडाघडा म्हणून टाकले. बिरुदावली, हत्तीसकट. चंपा माळणीने मान वर केली नाही. मागून घोरणे ऐकू आले. दगड राजाच्या हनुवटीपर्यंत चढला. तरी भद्रसेन लेकीकडे कौतुकानेच पाहत होता, आणि ते तिला सहन होईना. आणखी एक भाषण फसले तर त्याचे डोळेही मिटणार होते.

ती बागेत जाऊन रडत बसली. तिथल्या फांदीवर एक साळुंकी होती. तिने विचारले, "राजकन्ये, तू कोणाशी बोलत होतीस?"

"सभेशी."

"मला तर तिथे माणसे दिसली. ऊठ. शिकायचे असेल तर माझ्यामागून ये."

साळुंकी तिला आधी पडसादांच्या दरीत घेऊन गेली. तिथल्या कड्यात एक दार होते. बोललेले वाक्य दरीतून जसेच्या तसे परत आले तरच ते उघडे. कुवलया घाईने ओरडली, तर दरीने नुसता गलबला परत केला. ती आणखी जोरात ओरडली, आणखी मोठा गलबला आला. साळुंकीने सांगितले की दरी काही बहिरी नाही, तिला फक्त वेळ हवा आहे. तेव्हा कुवलयेने पोटभर श्वास घेतला. एकेक शब्द सुटा उच्चारला आणि वाक्याच्या शेवटी थांबली. दरीने तिचे वाक्य स्वच्छ परत केले. दार उघडले.

पुढे पुलाच्या तोंडाशी एक राक्षसीण दळत बसली होती. जात्यात मूठभर धान्य टाकून ती म्हणाली, "पोरी, ही मूठ दळून होईतो मी ऐकेन. पटले तर जाऊ देईन. तिसरी मूठ वाया गेली तर तुलाच जात्यात घालीन."

पहिली मूठ कुवलयेच्या नमस्कारातच संपली. दुसरी मूठ घराण्याच्या इतिहासात गेली. तिसरी मूठ जात्यात पडली तेव्हा तिला दुसरे काही आठवेचना.

"मावशी, माझे बाबा दगड होत चालले आहेत. मला पलीकडे जाऊ द्या."

जाते थांबले. राक्षसीण पुढे वाकून म्हणाली, "अगं बाई, मग हे आधी नाही का सांगायचे?" आणि पदराला हात पुसत ती बाजूला सरली.

पुलापलीकडे काळे पडलेले रान होते. राखेत धूम्रजट पाठ करून बसला होता. त्याला काय काय सांगायचे ते कुवलयेने वाटेत घोकून ठेवले होते. ती तोंड उघडणार तोच साळुंकीने तिच्या कानाला चोच मारली.

"तिसरे काम सगळ्यांत अवघड आहे," ती कुजबुजली. "गप्प बस."

कुवलया जादूगाराशेजारी बसली. बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग धूम्रजट आपणहून सांगू लागला. इथे एक बेहडा होता, त्याला थट्टा आवडायची. तिकडे दोन जांभळी होत्या, सख्ख्या बहिणी, सतत भांडायच्या. पाणी मागायला आपण गेलो तेव्हा त्या दोघी वाट पाहत राहिल्या असतील, असे म्हणून तो थांबला. कुवलयेचे डोळे भरून आले. तिला स्वतःच्या घराण्याची लाज वाटली, आणि तिने ते त्याला सांगितले.

"तोंडातून गेलेला शाप मला परत घेता येत नाही," धूम्रजट म्हणाला.

"शापासाठी नाही विचारत. या रानाला आता काय हवे?"

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिले. "पाणी. खाली मुळे अजून जिवंत आहेत."

कुवलया तडक दरबारात परतली. सभा भरली होती. मंचाच्या पायरीशी तिने साळुंकीला हळूच सांगितले की गुडघे अजूनही लटपटतात. साळुंकी म्हणाली, लटपटू देत, एवढ्या घेरदार घागऱ्यात कोणाला दिसणार आहेत?

दरबारच्या भाटाने बिरुदावलीसाठी छाती भरून घेतली. कुवलयेने हात वर करून त्याला थांबवले. मग ती स्वतःही काही बोलली नाही. नुसती उभी राहून समोरच्या माणसांकडे पाहत राहिली. असे त्या दरबारात कधी घडले नव्हते. शांततेने मागच्या रांगा जाग्या झाल्या. काय झाले म्हणून चंपा माळणीने सुई थांबवून वर पाहिले, आणि कुवलया तिच्याशीच बोलू लागली.

"चंपाबाई, टेकडीपलीकडे एक रान होते. ते पेटले तेव्हा एक माणूस इथे पाणी मागायला आला. आम्ही बोलत राहिलो आणि रान जळून गेले. चूक आमची आहे. पण मुळे अजून जिवंत आहेत. मी पाणी घेऊन निघाले आहे. प्रत्येकी एक घागर भरून घ्या आणि माझ्याबरोबर चला. आत्ता."

ती थांबली. संपले होते. सभेला क्षणभर विश्वासच बसेना की भाषण एवढेही असू शकते.

चंपा माळणीने हार खाली ठेवला. "घरची घागर आणू की राजवाड्यातली घेऊ?" तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता उठली. तिच्यामागून तिची रांग उठली, मग सगळ्या रांगा. सेनापती उठले, प्रधान घागर शोधायला धावले. इकडे राजाच्या हनुवटीखाली तडा गेला आणि खपल्या गळाव्या तसा दगड खाली गळून पडला. भद्रसेन मोकळा झाला. लेकीला त्याने पोटाशी धरले.

त्या दिवशी सारी नगरी टेकडी चढली. धूम्रजट राखेतून उठून उभा राहिला आणि कुठे किती पाणी घालायचे ते दाखवू लागला. पुढे दोन्ही जांभळींच्या बुंध्यांना एकेक कोंब फुटला. ते लगेच भांडू लागले, तेव्हा जादूगार हसला. दरबारात आता मुद्दा आधी येतो, आणि हत्तीची स्तुती हत्तीसमोरच केली जाते.

पण त्या दिवसाचे एक सांगायचे राहिले. दगड गळताच राजाने बोलायला तोंड उघडले होते. भाटाने श्वास घेतला, साळुंकीने डोळे मिटून घेतले. राजाने सभेकडे पाहिले, लेकीकडे पाहिले, आणि कोपऱ्यातली घागर उचलली.

"चला," राजा म्हणाला.

इतके चांगले भाषण त्याने आयुष्यात केले नव्हते. आणि कहाणी सांगणाऱ्यानेही आता इथेच आवरावे हे बरे. मघापासून डाव्या पायाचा अंगठा जरा जड वाटतो आहे.