मान डोलावणारा अजगर

घाटाखालच्या रानात, ओढ्याकाठच्या कपारीत एक अजगर राहत असे. त्याच्या अंगावर मातकट चट्टे होते. पाचोळ्यात पडला की तो पाचोळाच वाटे. त्यामुळेच सावज बेसावधपणे जवळ येई आणि त्याचे पोट भरे, पण त्याला मात्र त्या चट्ट्यांची लाज वाटे. त्यात एकदा साळुंकी बातमी घेऊन आली. "रानाबाहेरच्या बंगल्यात काचेच्या पेटीत एक परदेशी अजगर आहे. अंगावर काय सोनेरी जाळी आहे म्हणून सांगू! लोक लांबून बघायला येतात. आणि तू? ओंडका समजून मी दोनदा तुझ्यावर बसले होते!" झाले! अजगराच्या डोक्यात खूळ शिरले. बंगल्यात राहायला गेलो की आपल्याही अंगावर कोणीतरी नक्षी काढून देईल, असे त्या भोळ्याला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने बंगल्याच्या खिडकीतून आत डोके घातले. नक्षी पाहून त्याचे डोळे दिपले. त्याने विचारले, "भाऊ, सुखात आहेस ना?" पेटीतल्या अजगराने मान डोलावली. "मीही येऊ का इथे राहायला?" त्याने पुन्हा मान डोलावली. मग काय, आपला अजगर अर्धा आत सरकलासुद्धा.

"थांब!" पेटीतला अजगर ओरडला. "मी हो म्हणालो नाही. माझी मान आपोआप हलते."

तो थट्टा करतो आहे, असेच रानातल्या अजगराला वाटले. पण पेटीत एक मेलेला उंदीर ठेवलेला होता, अगदी तोंडासमोर. परदेशी अजगराने त्यावर झेप घेतली आणि त्याचे तोंड काचेवर आपटले. दुसरी झेप पेटीत अंथरलेल्या भुशात गेली. तिसऱ्या वेळी मान पिळवटून उलटी झाली आणि हनुवटी वर छताकडे गेली. मुलांनो, मेलेला उंदीर! तो पळत नव्हता की हलत नव्हता, तरी सापडला नाही. अजगराचे अंग मुळातच गार असते, पण त्या क्षणी आपल्या अजगराचे अंग आणखी गार पडले.

"हे... हे कोणी केलं तुला?"

"ही नक्षी आणि ही मान, दोन्ही मी जन्मतःच घेऊन आलो. ही नक्षी असली की मान अशीच होते. माणसांना हे माहीत आहे. तरी नक्षी हवी म्हणून ती अशीच पिल्लं पैदा करतात."

"माहीत असून?" रानातला अजगर हादरलाच. "चल, आत्ताच्या आत्ता तुला बाहेर काढतो!"

"बाहेर येऊन मी काय पकडू?"

तेवढ्यात दार उघडले, तसा रानातला अजगर झटकन खिडकीबाहेर सरकला, आणि पाहुणे आत आले. "अरे वा! मान बघा कशी डोलावतोय! खूश दिसतेय स्वारी!" म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या. पेटीतला अजगर काहीतरी म्हणाला, पण टाळ्यांमध्ये ते कोणाला ऐकूच गेले नाही.

तात्पर्य : कोणाच्या रूपाचा हेवा करण्याआधी आणि त्या रूपाला टाळ्या वाजवण्याआधी, ते रूप त्याला काय सोसायला लावते हे त्याच्याच तोंडून ऐकावे.