लोपीसांना बाळाचे पाय वर्ज्य

विषय: वसईकडच्या तांबळ गावी नाताळात बाळ येशूच्या पायांचा मुका घेण्यास लोपीस पाटलांच्या घराण्याला असलेली मनाई.
संदर्भ: पाहुण्यांना चर्चमधला गोठा दाखवताना दुमिंगकाका सांगतात ती हकीकत.

तांबळात नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, चाळीस दिवस राहतो. दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, तो उतरवायचा. त्याआधी कोणी हात लावायचा नाही. पण पूर्वी, म्हणे, पास्कू लोपीस पाटलाला घाई झाली. नाताळाआधीच्या आगमनकाळापासून सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत लग्ने लागत नाहीत, म्हणून त्याने मुलीचे लग्न सात जानेवारीला ठरवले. वेदीपुढे गोठा, मग वऱ्हाड उभे राहणार कुठे? पाद्री परगावी गेलेले, लग्नाच्या वेळीच परतणार होते. पाटलाने सकाळीच गडी लावून गोठा काढला आणि बाहेर चिंचेखाली टाकला.

गोठ्यातल्या मूर्ती गावातल्याच रेजिनने घडवलेल्या. मेंढपाळ तेवढा तिच्या नवऱ्याचा. तापाने जाण्यापूर्वीचे त्याचे शेवटचे काम. तो तिला तीन तुकड्यांत सापडला.

"मातीचाच होता ना, रेजिनबाय? दुसरा कर," पाटील म्हणाला.

"माझा नवराही मातीचाच होता, पाटील. दुसरा केला नाही मी."

तिने तुकडे पदरात घेतले, बाळाची मूर्ती उचलली आणि घर गाठले. रडली नाही. बोटांवर दिवस मोजले आणि अकरा महिने गप्प राहिली.

पुढच्या नाताळाच्या आदल्या दुपारी गोठा तयार, गव्हाण रिकामी. पाद्री स्वतः तिच्या दारी आले.

"बाळ दे, रेजिन."

"देते. पाटलाने गोठ्याचे सत्तावीस दिवस खाल्ले. दिवसाला एक वर्ष. तोवर त्याच्या घरच्या ओठांना बाळाचे पाय नाहीत."

"अगं, क्षमेचा सण हा!"

"केली की क्षमा, पाद्रीबाबा. नाहीतर कायमचेच तोडले असते."

पाद्रींचा नाइलाज झाला. नाताळच्या सकाळी मिस्साची प्रार्थना झाल्यावर बाळ रेजिनच्या मांडीवर होते. पाटील वाकला, तिने पायांवर पदर ओढला. अख्ख्या गावादेखत तो वाकलेला तसाच मागे सरला. असे सांगतात, की त्या दिवशी रेजिन वर्षभरात प्रथमच पोटभर जेवली.

आजही लोपीस रांगेत येतात, वाकतात आणि बाळाच्या पायांवर फडके पडते. सत्तावीस वर्षे केव्हाच उलटली असणार. पण ती कोणत्या साली सुरू झाली, हे कोणी लिहून ठेवले नाही. मनाई उठवावी, असा अर्ज लोपीसांनी चर्चच्या समितीकडे केला आहे. समितीने आरंभीच्या सालाचा पुरावा मागवला आहे. अर्ज प्रलंबित आहे.