बूट हलेना, दाणा मिळेना

एक होती चिंबोरी. बटणाएवढी. मुंबईत, गेटवेच्या ओल्या पायरीखाली राहायची. चालायची कशी? तिरकी तिरकी, तुरुतुरु.

एकदा कुणाच्या तरी पुडीतून खारा दाणा पडला. टुण्! अगदी चिंबोरीच्या दारात. चिंबोरी म्हणाली, "आज माझी चंगळ." एवढ्यात आला एक भला मोठा बूट. धप्प! दाणा कोंडला टाचेपुढच्या फटीत. बूट होता पाहुणेकाकांचा. काका आले होते मुंबई बघायला.

"काका, काका, बूट हलवा. माझा दाणा मिळेना."

काका म्हणाले, "पोझ दिलीय मी. फोटो निघाल्याशिवाय बूट हलवणार नाही."

चिंबोरी गेली फोटोवाल्याकडे. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"दादा, दादा, फोटो काढा. बूट हलेना, माझा दाणा मिळेना."

फोटोवाला म्हणाला, "वर कबुतरं नकोत का? कबुतरं उडाल्याशिवाय फोटो काढणार नाही."

चिंबोरी गेली कबुतरांकडे. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"कबुतरांनो, कबुतरांनो, उडा ना. फोटो निघेना, बूट हलेना, माझा दाणा मिळेना."

कबुतरं म्हणाली, "गुटर्रगूं. पोट भरलंय आमचं. लाँचचा भोंगा वाजल्याशिवाय उडणार नाही."

चिंबोरी गेली लाँचवर. तिरकी तिरकी, तुरुतुरु. तिथे बसले होते लाँच चालवणारे तांडेलमामा.

"मामा, मामा, भोंगा वाजवा. कबुतरं उडेनात, फोटो निघेना, बूट हलेना, माझा दाणा मिळेना."

मामा कुजबुजले, "हळू बोल गं. मांडीवर मनी झोपलीय. मनी उठल्याशिवाय भोंगा वाजवणार नाही."

"मनीताई, मनीताई, ऊठ ना. भोंगा वाजेना, कबुतरं उडेनात, फोटो निघेना, बूट हलेना, माझा दाणा मिळेना."

मनीनं एकच डोळा उघडला. "मासळी आल्याशिवाय उठणार नाही."

मग चिंबोरी गेली, कुठे माहितीये? मासळी बाजारात! चिंबोरीनं कधी जावं का मासळी बाजारात? पण दाण्यापायी तिला काही सुचेना.

"मावशी, मावशी, मासळी द्या. मनी उठेना, भोंगा वाजेना, कबुतरं उडेनात, फोटो निघेना, बूट हलेना, माझा दाणा मिळेना."

कोळीणमावशी गोड हसली. "देते की. पण तू टोपलीत आल्याशिवाय देणार नाही हं."

चिंबोरीनं टोपलीत डोकावलं. आत चिंबोऱ्याच चिंबोऱ्या. सगळ्यांच्या नांग्या दोरीनं बांधलेल्या. करकचून.

"मावशी, नांग्या का हो बांधल्या?"

"चिमटे काढतात मेल्या," मावशी म्हणाली.

चिंबोरीनं आपली नांगी पाहिली. इवलीशी होती. पण मोकळी होती.

मावशीचा हात आला. चिंबोरी सटकली. तिरकी तिरकी, तुरुतुरु तुरुतुरु, थेट लाँचवर. काकांना होता बूट. मनीला होतं शेपूट.

कट्ट!

म्याँव! मनी उठली. भोंSSS! भोंगा वाजला. फडफडफड! कबुतरं उडाली. खटक्! फोटो निघाला. काकांनी बूट उचलला.

दाणा होता तिथेच होता. एक कबूतर हळूच वळलं त्याच्याकडे. चिंबोरी आली, आणि तिनं नुसती नांगी दाखवली.

कबूतर म्हणालं, "नको नको. पोट भरलंय आमचं."

कुडुम कुडुम! दाणा गेला पोटात, चिंबोरी गेली बिळात. आणि तुमचे पाय? घ्या बघू पांघरुणात. अंगठा राहिला बाहेर तर...

कट्ट!