मुकुटाएवढा सलगम

दुंदुभिराजांचा दात सलगमात रुतून बसला आणि कुंभेरीच्या राजवाड्यात एकच पळापळ झाली! प्रधानजींनी सलगम धरला, सेनापतींनी महाराजांना धरलं आणि दोघांनी दोन बाजूंना ओढलं. सलगम सुटला. दातही हलला.

"कुठे आहे तो सोनबा माळी?" महाराज गाल धरून ओरडले.

म्हातारा सोनबा हात जोडून पुढे आला. मागे त्याची लेक सारजा. राजवाड्यामागची परसबाग हे दोघंच सांभाळत.

"हा सलगम आहे की जात्याची तळी?"

"सरकार, आपणच म्हणालात, आणखी मोठा होऊ दे, आणखी मोठा होऊ दे. सलगम फार वाढला की जून होतो. आत दोरे धरतो..."

"मला शिकवू नकोस! माघी पौर्णिमेला आमचे मेहुणे रणधीरराजे जेवायला येताहेत. त्यांच्याकडचे सलगम म्हणे लोण्यासारखे असतात. मला त्यांच्यापुढे असा सलगम ठेवायचाय, की नुसत्या नखाने चिरता यावा! आणि केवढा? माझ्या मुकुटाएवढा! एवढासा जरी कमी पडला, तरी परसबागेत हत्ती बांधीन आणि तुला त्यांची लीद काढायला लावीन!"

पौष नुकताच लागला होता. सोनबा घरी आला तो मटकन खालीच बसला.

"हत्ती फिरले की सगळी माती दगड होईल, पोरी. तुझ्या आज्याने शेणखत घालून घालून मऊ केलेली माती ती!"

सारजाने बियाण्याच्या पुरचुंड्या सोडल्या. "बा, जांभळ्या टाळूचा सलगम लावायचा का?"

"तो चांगला भरतो. पण थोरला झाला की दाताचं काय होतं, ते पाहिलंस ना?"

"आणि पिवळा?"

"गोड लागतो, टिकतोही. पण फार सावकाश येतो. माघात हाती काही लागायचं नाही."

"मग हा पांढराच. लवकर येतो आणि कोवळाही असतो."

"अगं, तो मोसंब्याएवढा होईल! महाराजांचा मुकुट पाहिलायस का? त्यात कोंबडी अंडी घालून उबवत बसेल!"

"कोवळेपणाचं आपण बघू. आकाराचं मी बघते," सारजा म्हणाली आणि तिने पांढऱ्याचं बी पेरलं.

रोपं वर आली तशी ती दाटीतली उपटून इतरांना जागा करून देऊ लागली. पण तिच्यापेक्षा जास्त रोपं महाराजच उपटत! रोज सकाळी यायचे, एखादं रोप ओढून मुळाशी बघायचे, "हात्तिच्या!" म्हणायचे आणि परत मातीत खोचायचे. एकदा तर राजगायकांना वाफ्यापाशी बसवून भूपाळी गायला लावली. राजवैद्यांनी तूप ओतलं, त्याला मुंग्या लागल्या. सेनापतींनी तलवार उपसून सलगमांना दम भरला.

"का वाढत नाहीत हे?" महाराज गरजले.

सारजा अदबीने म्हणाली, "कसे वाढतील सरकार? राजा समोर उभा असताना मान वर काढायची कुणाची छाती आहे?"

महाराजांनी वाफ्याकडे नीट पाहिलं. राजवैद्यांच्या तुपाने पानं खरोखरच खाली लोळत होती! त्यांची छाती अभिमानाने फुगली.

"खरंच की! फार मानतात हो आपल्याला! चला रे सगळे. बिचाऱ्यांना संकोच वाटतोय."

त्यानंतर वाफ्याकडे कुणी फिरकलं नाही. सारजाने तुपाची माती काढून टाकली, मुळांशी नवी माती ओढली, ओल तुटू दिली नाही. पाल्याची भाजी मात्र ती अधूनमधून आईसाहेबांना, म्हणजे महाराजांच्या आईला, नेऊन देई. त्यांना ती फार आवडायची. भाजी द्यायला गेली की दोघींच्या गप्पाही रंगत.

पौर्णिमेला पंगत बसली. चार भोयांनी मोठं थोरलं चांदीचं ताट उचलून आणलं आणि महाराजांपुढे ठेवलं. वर रेशमी रुमाल. मेहुणेराजांनी मान लांब केली. सारजाने रुमाल उचलला.

ताटाच्या मधोमध एकटाच, पांढराशुभ्र, मोसंब्याएवढा सलगम!

"हा?" महाराजांचा आवाज चिरकला. "हा माझ्या मुकुटाएवढा?"

"अगदी मापात आहे, सरकार."

"सेनापती! हत्ती सोडा!"

सोनबाने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात आईसाहेबांनी पदराआडून मखमलीची थैली काढली आणि सारजाच्या हाती दिली. सारजाने थैलीतून इवलासा सोन्याचा मुकुट काढला आणि सलगमावर ठेवला. नेमका बसला! सलगम एकदम रुबाबदार दिसू लागला. भोयांनी नकळत त्याला मुजरा केला.

"हा कुणाचा मुकुट?" महाराजांनी विचारलं.

"तुझाच रे," आईसाहेब म्हणाल्या. "तुझे वडील गेले तेव्हा तू पाळण्यात होतास. पाळण्यातच तुला राज्याभिषेक केला, तेव्हा हा घातला होता. मुकुट घालताच तू भोकाड पसरलंस."

मेहुणेराजांना ठसका लागला.

"पण मी या मुकुटाबद्दल बोलत होतो!" महाराजांनी डोक्यावरच्या मुकुटावर बोट आपटलं. "एवढा मोठा! आणि तरीही कोवळा!"

सारजाने हात जोडले. "सरकार, जेव्हा तुम्ही लोण्यासारखे कोवळे होता, तेव्हा तुमचा मुकुट एवढाच होता. आता मुकुट मोठा झाला. पण खरं सांगा, तुम्ही तरी कोवळे राहिलात का?"

महाराजांनी आपल्या राठ मिशांवरून हात फिरवला, सुटलेल्या पोटाकडे पाहिलं, हलणारा दात जिभेने चाचपला. आणि मग असे काही हसले, की तो दात उडून थेट मेहुणेराजांच्या कढीत पडला!

"जून झालो गं बाई, पार जून झालो!" महाराज डोळे पुसत म्हणाले. त्यांनी सलगमाला नख लावलं. अलगद चिरला गेला! अर्धा मेहुण्यांना दिला, अर्धा उरलेल्या दातांनी खाल्ला आणि तिथल्या तिथे परसबाग सारजाच्या नावावर करून दिली.